घरकुलासाठी भूसंपादन येतंय: मराठवाड्यातल्या मालकांनी आणि रहिवाशांनी हरकत कशी घ्यावी

मोजणीचे लोक वस्तीत टेप घेऊन फिरून गेले, भिंतींवर लाल रंगाचे आकडे पडले आणि "इथं शासनाची घरकुलं होणार" अशी बातमी आली, की लोक आधी नगरसेवकाकडे जातात, मग मोर्चा काढतात. मोर्चा जरूर काढा. पण सुनावणीच्या दिवशी अधिकारी फाइल उघडतो. त्यात तुमची लेखी हरकत नसेल तर "मुदतीत हरकत प्राप्त नाही" एवढं एक वाक्य लिहून तो पुढच्या गट नंबरकडे वळतो. त्या एका वाक्यामुळे पुढे उच्च न्यायालयाच्या खंडपीठात उभं राहणंही अवघड होतं. छत्रपती संभाजीनगर असो, नांदेड, लातूर किंवा परभणी, ज्यांच्या घरावर हे पहिल्यांदाच आलंय त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी नोटिशीवरचं कलम वाचा

नोटीस कोणी दिली यापेक्षा ती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली दिली हे महत्त्वाचं. प्रत्येक कायद्याची मुदत वेगळी, हरकत घेण्याची जागा वेगळी. म्हणून नोटीस हातात पडली की तिच्यावर मिळाल्याची तारीख लिहा, पाकिटासह फोटो काढा आणि कलम शोधा. साधारण चार प्रकार दिसतात.

पहिला, २०१३ चा भूसंपादन कायदा. त्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे, वाजवी भरपाई, पारदर्शकता, पुनर्वसन वगैरे. १ जानेवारी २०१४ पासून तो लागू आहे. गरिबांसाठी आणि ठरावीक उत्पन्न गटांसाठी घरं बांधणं हे त्यात सार्वजनिक प्रयोजन मानलेलं आहे. त्यामुळे "घरकुलासाठी आमची जागा घेताच येत नाही" हा मुद्दा टिकत नाही. टिकतो तो "हीच जागा का, एवढीच का, आणि पद्धत पाळली का" हा. कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना प्रसिद्ध झाली की हरकतीसाठी ६० दिवस मिळतात. ही अधिसूचना राजपत्रात, दोन वर्तमानपत्रांत, तहसील आणि पालिकेच्या कार्यालयात लागते. प्रसिद्धीच्या तारखा वेगवेगळ्या असतात, तुम्ही सगळ्यात आधीची तारीख धरून दिवस मोजा. आणखी एक, या अधिसूचनेनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या जागेची खरेदी-विक्री करता येत नाही. "आत्ताच माझ्या नावावर करून टाका, मी बघतो" असं म्हणणारे दलाल याच काळात उगवतात. त्यांना दारातूनच परत पाठवा.

दुसरा, विकास आराखड्यातलं आरक्षण, म्हणजे १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा. इथे बरेच जण फसतात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकतीला ३० दिवस असतात आणि आरक्षणाविरुद्ध बोलायची खरी संधी तीच. आराखडा मंजूर झाल्यावर कलम १२६ खाली संपादन सुरू झालं, की "आरक्षणच नको" ही हरकत ऐकायला फारशी जागा उरत नाही. त्यामुळे शहरात राहणाऱ्या प्रत्येकाने प्रारूप आराखडा लागला की आपला सर्व्हे नंबर नकाशात शोधलाच पाहिजे. उलट, आरक्षण पडून दहा वर्षं झाली आणि जागा घेतलीच नाही, तर मालकाला कलम १२७ ची खरेदी सूचना, म्हणजे "जागा घ्या नाहीतर सोडा" अशी नोटीस, देता येते. मालकीच्या कागदांसह ती दिली आणि २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झालं, म्हणजे आपोआप संपलं, असं कायदा मानतो. या सूचनेत कागद कमी पडले तर तिला किंमत राहत नाही, म्हणून ती वकिलाकडून करून घ्या.

तिसरा, १९७१ चा झोपडपट्टी सुधारणा कायदा. जागा झोपडपट्टी म्हणून घोषित झाली, तर त्या घोषणेविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अपील करायला ३० दिवस असतात. मालकांनी हे दिवस वाया घालवू नयेत. कारण या कायद्याच्या कलम १४ खाली जागा गेली, तर मोबदला त्या जागेपासूनच्या निव्वळ सरासरी मासिक उत्पन्नाच्या ६० पट धरला जातो आणि २०१३ च्या कायद्याच्या मानाने तो फारच तुटपुंजा असतो. मालकाच्या बाजूने एक मोठी गोष्ट मात्र झाली आहे. जागेचा पुनर्विकास स्वतः करण्याचा पहिला हक्क मालकाचा, त्याला ती संधी दिल्याशिवाय संपादन करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मुंबईच्या कुर्ल्यातल्या एका प्रकरणात सांगितलं. झोपडीधारकांसाठी १ जानेवारी २००० आणि १ जानेवारी २०११ या तारखांना महत्त्व आहे. पहिल्या तारखेआधीच्या झोपडीला मोफत घराचं संरक्षण, दोन्हींच्या मधल्यांना पैसे भरून. मतदार यादीतलं त्या काळातलं नाव हा इथला सगळ्यात भक्कम पुरावा.

चौथा प्रकार संपादनाचा नाहीच. जागा शासनाचीच आहे आणि तुम्हाला क्वार्टर रिकामं करायला किंवा अतिक्रमण काढायला सांगितलं आहे. मे २०२२ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या विश्वासनगर-लेबर कॉलनीतली शासकीय निवासस्थानं पाडली गेली. वर्षानुवर्षं तिथं राहिलेल्या कुटुंबांना कोर्टातही घरं वाचवता आली नाहीत, कारण मालकी शासनाची होती. अशा ठिकाणी भूसंपादनाचे मुद्दे मांडत बसण्यात वेळ जातो. तिथे पुनर्वसनाची मागणी आणि नोटिशीची पद्धत यावरच भर द्यावा. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडापाडीआधी किमान १५ दिवसांची नोटीस, म्हणणं मांडण्याची संधी आणि कारणांसह आदेश बंधनकारक केला आहे. रस्ता, फुटपाथ, रेल्वेची हद्द, नदी-नाले यांवरची बांधकामं आणि कोर्टाच्या आदेशाने होणारी पाडापाडी मात्र त्यात येत नाही.

सोसायटीच्या इमारतीचा पुनर्विकास हा या सगळ्याहून वेगळा विषय. तिथे सभासदांच्या बहुमताने निर्णय होतो, संपादन होत नाही.

मराठवाड्यातले कागद

पुण्या-मुंबईची मार्गदर्शनं इथे अपुरी पडतात ती कागदांमुळे. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुने कागद उर्दूत आहेत, कूळकायदा हैदराबादचा १९५० चा, इनाम रद्द करण्याचा कायदाही हैदराबादचाच, १९५४ चा. त्यामुळे सातबारा आणि फेरफार काढून थांबू नका. भूमी अभिलेख आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून खासरा पत्रक, सेतवार आणि जुनी पहाणीपत्रकं या जुन्या जमीन नोंदींच्या प्रमाणित नकला मागा. जमीन इनामी, मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेली) किंवा देवस्थानची निघाली, किंवा संरक्षित कूळ म्हणून कोणाच्या आजोबांचं नाव निघालं, तर मावेजा, म्हणजे मोबदला, कोणाचा यावरून पुढे भांडण होणार हे नक्की. ते संपादन अधिकाऱ्यासमोर उघडं पडण्याआधी तुम्हाला ठाऊक असलेलं बरं. उर्दू कागदाचं भाषांतर ओळखीच्या मौलवीसाहेबांकडून वाचून घेण्यापुरतं ठीक आहे. दाखल करायचं भाषांतर मात्र अधिकृत भाषांतरकाराकडून, सहीशिक्क्यासह हवं.

गावठाण किंवा शहर हद्दीतल्या घरासाठी मालमत्ता पत्रक, नमुना नंबर ८, घरपट्टी-नळपट्टीच्या पावत्या, वीजबिलं. कबाला (जुना मालकीचा कागद) असेल तर तो. गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या, प्लॉटवर घर असेल आणि व्यवहार शंभर रुपयांच्या बाँडवर झाला असेल, तर घाबरून गप्प बसू नका. अशी हजारो कुटुंबं आहेत. बाँडने मालकी येत नाही हे खरं, पण तुमचा ताबा, बांधकाम आणि राहणं त्यातून दिसतं आणि भरपाईत हितसंबंध असलेली व्यक्ती म्हणून तुम्हाला दावा करता येतो. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि त्यात २०२१ मध्ये झालेली दुरुस्ती यांमुळे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट मिळाली. ते राहिलं असेल तर अर्ज लगेच करा आणि त्याची पोच हरकतीला जोडा.

घर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल, तर वारस नोंदीचा अर्ज आजच द्या, बहिणींची नावं घालून. नावं गाळली तर त्यांच्यापैकी कोणीही नंतर हरकत घेते, हिश्श्याचा वाद भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जातो, रक्कम तिथे जमा होते आणि वर्षानुवर्षं कोणाच्याच हाती पडत नाही. बहिणींशी आत्ता बोलणं सोपं असतं.

भाडेकरूंना बाजूला ठेवू नका

मालकांच्या बैठकीत भाडेकरूंना बोलवत नाहीत, हे मला फार खटकतं. २०१३ च्या कायद्यात शहरी भागात संपादनाआधी तीन वर्षं किंवा त्याहून जास्त राहणारं किंवा त्या जागेवर पोट असलेलं कुटुंब बाधित कुटुंब धरलं जातं. किराणा दुकान, पिठाची गिरणी, टेलरची मशीन चालवणारेही त्यात येतात. दुसऱ्या अनुसूचीत शहरात घर गेलं तर किमान ५० चौरस मीटर जोत्याचं बांधलेलं घर, किंवा ते नको असेल तर घरबांधणीसाठी किमान दीड लाख, वर्षभर महिना ३,००० रुपये निर्वाहभत्ता, स्थलांतराला ५०,००० आणि पुनर्वसाहतीचे ५०,००० असे आकडे लिहिलेले आहेत. मालक आणि भाडेकरू यांनी वेगवेगळ्या, पण एकाच दिवशी हरकती दाखल केल्या तर फाइल जाड होते आणि प्रकल्पाचा खर्चही अधिकाऱ्याला नव्याने मोजावा लागतो.

भाडेकरूने करार नसेल तरी मुलांचा शाळेतला दाखला, गॅस कनेक्शन, रेशनकार्ड, आशाताईंच्या लसीकरण नोंदी जमवाव्यात. तीन वर्षांचं राहणं त्यातूनही सिद्ध होतं.

हरकत लिहायची कशी

एकाच मजकुराच्या झेरॉक्स काढून सगळ्यांनी सह्या करू नयेत. अधिकारी त्या सगळ्या एका ओळीत निकाली काढतो. प्रत्येकाची हरकत त्याच्या गट नंबरची, त्याच्या घराची असावी. २०१३ च्या कायद्याच्या कलम १५ मध्ये हरकतीचे विषय दिले आहेत: क्षेत्र आणि जागेची योग्यता, सार्वजनिक प्रयोजनाचं समर्थन, आणि सामाजिक परिणाम अहवालातले निष्कर्ष. तुमचे मुद्दे या तिन्हींत बसवा. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

"मी गट क्रमांक … मधील … चौरस मीटर जागेचा सहधारक असून माझे कुटुंब येथे सन … पासून राहते. प्रकल्पाच्या हद्दीला लागून शासकीय गट क्रमांक … रिकामा असून आवश्यक क्षेत्र तेथे उपलब्ध होऊ शकते. माझ्या जागेचा प्रकल्पात नेमका कोणता वापर होणार याचा नकाशा मला मिळालेला नाही. सामाजिक परिणाम तपासणीतून सूट दिली असल्यास त्या अधिसूचनेची प्रत मिळावी. मला वैयक्तिक सुनावणी हवी आहे. पुढील मुद्दे मांडण्याचा हक्क राखून ठेवतो."

सूट देणाऱ्या अधिसूचनेची मागणी मुद्दाम घातली आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये केलेल्या दुरुस्तीने परवडणारी आणि गरिबांसाठीची घरं यांसारख्या प्रकल्पांना सामाजिक परिणाम तपासणीतून सूट देण्याची मुभा घेतली. पण ती सूट राजपत्रात अधिसूचना काढून, लोकहिताचं कारण देऊन द्यावी लागते. ती निघाली की नाही हे विचारणं तुमचा हक्क आहे. पर्यायी जागा सुचवताना एक सांगणं आहे: दुसऱ्या गरिबांची पालं ज्या गायरानावर आहेत ते गायरान दाखवू नका.

हरकत दोन प्रतींत घेऊन जा. आवक खिडकीवरचा लिपिक "साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा" म्हणतो. ठेवून येऊ नका. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का, तिन्ही उमटेपर्यंत तिथेच थांबा. नाहीच घेतली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह. सोबत माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून संपादन प्रस्ताव, संयुक्त मोजणीचा नकाशा आणि सविस्तर प्रकल्प अहवाल मागा. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणून तो अर्ज हरकतीच्याही आधी गेलेला बरा.

सुनावणीला स्वतः जा, वकील असले तरी. तुम्ही तोंडी जे बोललात ते रोजनाम्यात लिहिलं का ते वाचून मगच सही करा. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात संविधानाच्या कलम ३०० अ मधून निघणाऱ्या सात गोष्टी मोजून सांगितल्या: नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, वाजवी मोबदला, वेळेत कार्यवाही आणि प्रक्रिया शेवटास नेणं. सुनावणीत यांतलं काय पाळलं गेलं नाही ते एकेक करून मांडा. आणि "शासनाला कोणाचीही खासगी जागा समाजाची म्हणून घेता येते" असं कोणी दरडावलं, तर नोव्हेंबर २०२४ च्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालाची आठवण करून द्या. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या आणि म्हाडा कायद्याच्या संदर्भातला तो निकाल आहे. प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाचं भौतिक साधन ठरत नाही, असं बहुमताने त्यात म्हटलं आहे.

संयुक्त मोजणीचा दिवस

मावेज्याचा आकडा खरं तर या दिवशी ठरतो, आणि घरातला कर्ता माणूस नेमका कामावर गेलेला असतो. मोजणीवाले घाईत असतात. विटांच्या, गिलावा केलेल्या खोलीपुढे "पत्र्याचे शेड" असं लिहिलं जातं, कारण वर पत्रे असतात. बोअर नोंदवलं जातं, पण त्याची मोटर आणि खोली नाही. शहाबादी फरशी, पाण्याचा हौद, संडासाची टाकी, कुंपणाची भिंत, शेवग्याची आणि लिंबाची झाडं, यांतलं जे पंचनाम्यात नाही त्याचा पैसा नाही. म्हणून त्या दिवशी घरात थांबा. प्रत्येक वस्तूचा तारखेसह फोटो काढा. पंचनामा पूर्ण वाचा, चुकीचं असेल तर सहीच्या वर "बांधकाम पक्के आहे, बोअर मोटरसह आहे, नोंद अपूर्ण" असं स्वतःच्या हाताने लिहा. कोऱ्या नमुन्यावर अंगठा किंवा सही करू नका, आणि आजीलाही करू देऊ नका.

"थेट खरेदीने द्या, पटकन पैसे मिळतील" असा प्रस्ताव याच सुमाराला येतो. तो घ्यायचा की नाही हे तुमच्या अडचणीवर आहे, पण एकदा खरेदीखत झालं की वाढीव मावेज्यासाठी दाद मागण्याची वाट बंद होते. दर स्पष्ट, लेखी आणि शेजाऱ्यांच्या बरोबरीचा असल्याशिवाय हो म्हणू नये असं माझं मत आहे.

निवाडा झाल्यावर

विरोध करूनही जागा गेली, तर लढाई पैशाची होते, आणि तिथे लोक थकून सोडून देतात. २०१३ च्या कायद्याचा हिशोब समजून घ्या. रेडिरेकनरचा दर, आणि गेल्या तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांपैकी जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी, यांतला जो जास्त तो बाजारभाव. शहरात तो एकने गुणतात. त्यात बांधकाम, झाडं मिळवून होणाऱ्या बेरजेवर १०० टक्के दिलासा रक्कम. म्हणजे जागा १० लाखांची आणि घर ६ लाखांचं धरलं, तर १६ लाखांचे ३२ लाख. शिवाय बाजारभावावर वर्षाला १२ टक्के दराने वाढीव रक्कम. आपल्याकडे खरेदीखतात किंमत कमी दाखवण्याची सवय आहे, तिचा फटका इथे सगळ्या गल्लीला बसतो. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातून जास्त किमतीची खतं शोधून त्यांच्या नकला काढण्याचं काम चार-पाच कुटुंबांनी वाटून घ्यावं.

मोबदला ठरवणाऱ्या निवाड्याच्या वेळी तुम्ही किंवा तुमचा वकील हजर असाल, तर कलम ६४ चा अर्ज सहा आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो, तो पुढे प्राधिकरणाकडे जातो. पैसे उचलायला हरकत नाही, पण पावतीवर "हक्क राखून, निषेधासह स्वीकारले" असं लिहिलंच पाहिजे. ते लिहिलं नाही तर कलम ६४ चा अर्जच करता येत नाही.

संपादनालाच आव्हान द्यायचं असेल तर दिवाणी न्यायालयात जाऊन उपयोग नाही, कायद्याने त्याला मनाई आहे. रिट याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात करावी लागते, आणि ती निवाड्याच्या आधी गेली तर ऐकली जाण्याची शक्यता जास्त. उशीर झालेली याचिका कितीही खरी असली तरी बहुतेक वेळा उशिराच्या मुद्द्यावरच पडते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो, म्हणून घरातल्या बाईचं नाव अर्जदारांत असू द्या.

ताबा घेताना पूर्ण मावेजा दिलेला असला पाहिजे, असं कलम ३८ सांगतं. रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय ताबा पावतीवर सही करू नका. घर सोडल्यावर नवा पत्ता आणि मोबाइल नंबर भूसंपादन कार्यालयाला आणि प्राधिकरणाला, दोन्हीकडे लेखी कळवा आणि पोच घ्या. नाहीतर वाढीव मावेज्याच्या सुनावणीची नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन परत येते आणि प्रकरण गैरहजेरीत निकाली निघतं.